व्हिव्हियन मायरचे आरशातले फोटो बाहुली घेऊन परत कसे काढायचे, कोल्हापुरात मिळणाऱ्या सामानात

बाहुली, ॲक्शन फिगर, दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा, यातलं काहीही घरात असलं आणि एक बरा फोन असला की हे काम होतंय. पण करायच्या आधी मूळ फोटो नीट बघायला लागतात, कारण बाहुलीला टोपी घातली, हातात खोटा कॅमेरा दिला आणि आरशापुढं उभी केली की झालं असं वाटतं आणि मग फोटो बघितल्यावर काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाही, असं खूप जणांचं होतं. ते काय चुकतं तेच इथं सविस्तर लिहितो.

आधी बाई कोण ते थोडक्यात. व्हिव्हियन मायर, जन्म १९२६ चा, न्यूयॉर्कचा. लहानपणीची काही वर्षं फ्रान्समध्ये गेली, १९५१ ला परत न्यूयॉर्कला आली आणि १९५६ पासून शिकागोत. आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं सांभाळायची नोकरी केली आणि सुट्टीत, मुलांना फिरवताना, जमेल तेव्हा रस्त्यावर फोटो काढले. लाखाच्या वर निगेटिव्ह, पण जवळपास कुणाला दाखवले नाहीत, कितीतरी रोल तर धुतलेसुद्धा नव्हते. २००७ मध्ये भाडं थकलं म्हणून तिच्या गोडाऊनमधल्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा ते बाहेर आले आणि २००९ मध्ये ती गेली, म्हणजे जगानं नाव घ्यायला सुरुवात केली ती ती गेल्यावरच. तिनं स्वतःचे खूप फोटो काढलेत, दुकानाच्या काचेत, आरशात, गाडीच्या चाकाच्या चकचकीत झाकणात, गवतावर पडलेल्या सावलीत. हसरी पोज जवळजवळ कुठंच नाही. मला त्या फोटोंची फार ओढ आहे, म्हणून हा खटाटोप.

तिचा कॅमेरा रोलायफ्लेक्स, आणि इथंच सगळी मेख आहे. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. छातीपोटाशी धरायचा, वरून खाली काचेत बघायचं, पुढं एकावर एक दोन लेन्स, वरची बघायला आणि खालची फोटो काढायला. १२० ची फिल्म, एका रोलला १२ फोटो, प्रत्येक चौकोनी, सहा बाय सहा सेंटीमीटर. म्हणजे फोटो चौकोनी हवा ही पहिली गोष्ट आणि फोटो छातीच्या उंचीवरनं घेतलेला दिसला पाहिजे ही दुसरी, आणि ही दुसरी गोष्टच बहुतेकांची राहून जाते कारण आपण फोन आपल्या सोयीनं वरून धरतो. मग बाहुली बाहुलीच दिसते, टेबलावर ठेवलेली. फोनची लेन्स बाहुलीच्या छातीच्या उंचीवर आणा, एवढ्यानंच निम्मा फोटो जमतो.

बाहुली कुठली घ्यायची

लेगोचा माणूस चार सेंटीमीटरचा असतो. गोंडस दिसतो पण मान वाकत नाही, हात पोटाशी जुळत नाहीत, त्यामुळं ह्या कामाला मी तो घेणार नाही. पंधरा सेंटीमीटरची सांधेवाली ॲक्शन फिगर मस्त, ती साधारण एकास बारा मापाची असते, म्हणजे खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्श्याची, मान खाली करता येते, कोपर वाकतं. फॅशनवाली बाहुली एकोणतीस-तीस सेंटीमीटरची, एकास सहा माप, हिला कपडे शिवणं सोपं आणि फोकसचा त्रासही कमी (ते का, ते पुढं येईल), पण कोपर वाकणारी बघून घ्या, स्वस्तातल्या बाहुल्यांचे हात काठीसारखे सरळ असतात आणि मग कॅमेरा धरल्यासारखा वाटतच नाही. महाद्वार रोडला, राजारामपुरीत खेळण्यांच्या दुकानात दोन्ही मिळतात, दुकानात उभं राहून हात वाकवून बघायला लाजू नका.

माझ्या मनात मात्र सगळ्यात जवळचा पर्याय मातीचा आहे. शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प, कुठल्याही कुंभार गल्लीत दिवाळीच्या आधी मावळे आणि बेंदराच्या आधी बैल करायचं काम चालतं, तिथं विनंती केली तर साधी माती मिळते. तिची पंधरा सेंटीमीटरची बाई स्वतः करा, हात पोटाशी घेतलेले, मान किंचित खाली. चेहरा कोरायची गरजच नाही, टोपीच्या सावलीत तो जातोय. मातीवर उजेड फार सुंदर पसरतो, प्लास्टिकवर पांढरा ठिपका चमकतो तसा चमकत नाही. प्लास्टिकचीच घेतली असेल तर चेहऱ्यावर, हातावर बोटानं थोडी टाल्कम पावडर चोळा, चमक मरते.

कपडे सांगतो. तिच्या फोटोत ढगळ कोट, साधा शर्ट, रुंद काठाची मऊ टोपी, जड बूट असं असतं. टेलरकडं गडद रंगाची चिंधी मागा, पातळ सुती घ्या, जीन्सचं कापड नको कारण त्याची वीण बाहुलीच्या मानानं दोरखंडाएवढी दिसते. टोपीला जुन्या फेल्टचा गोल तुकडा ओला करून बाटलीच्या बुचावर ताणून सुतळीनं बांधा, वाळला की आकार धरतो, काठ कात्रीनं कापा.

छोटा रोलायफ्लेक्स

खरा कॅमेरा उंचीला साधारण पंधरा आणि रुंदीला दहा सेंटीमीटर धरा. एकास सहाच्या बाहुलीला अडीच सेंटीमीटर उंच, एकास बाराला सव्वा सेंटीमीटर. शाळेचं खोडरबर ब्लेडनं कापून घ्या, काळा कागद चिकटवा, पुढं एकावर एक दोन काळ्या बारीक टिकल्या, त्यांच्या मधोमध एकेक काळा मणी, मंगळसूत्राला ओवतात तसला बारीक. मण्यावर उजेडाचा ठिपका पडतो आणि लेन्स जिवंत होते. वर उघडलेलं झाकण म्हणजे कागदाच्या चार छोट्या भिंती, पट्टा म्हणजे काळा दोरा मानेतून.

आता एक बारकावा. रोलायफ्लेक्सला फिल्म पुढं सरकवायचा दांडा धरणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतो आणि फोकसचं चाक डाव्या बाजूला. आरशात उजवा हात फोटोच्या उजव्या बाजूलाच दिसतो. पण आपली बाहुली आपल्याकडं तोंड करून उभी राहणार, तिचा उजवा हात आपल्या डावीकडं येणार. म्हणून दांडा बाहुलीच्या डाव्या हाताकडं लावा. टाचणीचं टोक वाकवून लावला तरी पुरे. कोटाची बटणंही तशीच उलट्या बाजूला. हे कुणाला दिसणार म्हणाल, तर ज्यांना कॅमेरे माहीत आहेत त्यांना पहिल्या नजरेत दिसतं.

आरसा, म्हणजे खरं तर आरसा नाही

बाहुली आपल्याकडं तोंड करून का उभी राहणार, तर ते आता सांगतो, हा सगळ्या लेखातला महत्त्वाचा भाग आहे.

मूळ फोटोत जो कॅमेरा दिसतो त्यानंच फोटो निघालाय. आपल्याला ते जमणार नाही, कारण फोटो काढणार फोन आणि दिसला पाहिजे बाहुलीचा कॅमेरा. खरा आरसा लावला तर फोन दिसतो, फोन दिसू नये म्हणून तिरका धरला तर बाहुलीही आरशात तिरकी दिसते आणि ती सरळ, समोरासमोरची नजर गेली. शिवाय घरातल्या आरशाची काच तीन-चार मिलिमीटर जाड असते, पारा मागच्या बाजूला, त्यामुळं प्रत्येक कडेला एक फिकट दुसरी कड दिसते. माणसाला ती दिसून येत नाही, बाहुलीच्या मापात मात्र ती नाकाएवढी होते.

म्हणून आरसाच काढून टाका. जाड पुठ्ठ्याची भिंत करा, तिला आरशाच्या आकाराचं भोक पाडा, भोकाला आरशाची चौकट चिकटवा आणि बाहुली भिंतीच्या पलीकडं, भोकातनं आपल्याकडं बघत उभी करा. तीच प्रतिबिंब. फोन अलीकडं.

पण अंतरं पाळायला लागतात. आरशात आपण जेवढे आरशापुढं तेवढंच प्रतिबिंब आरशाच्या मागं असतं, म्हणजे भिंत बरोब्बर फोन आणि बाहुली यांच्या मध्यावर हवी. समजा मायर आरशापासून दीड मीटरवर उभी होती, एकास बारा मापात ते साडेबारा सेंटीमीटर होतं. तर फोनपासून भिंत साडेबारावर आणि बाहुली पंचवीसवर. पट्टीनं मोजा, अंदाजानं नको. भिंत बाहुलीला चिकटवून ठेवली तर ती खिडकीत उभी राहिलेली बाई दिसते, आरशातली नाही.

ह्यातनंच भोकाचं माप निघतं. मध्यावर असलेल्या भोकातनं त्याच्या दुप्पट भाग दिसतो. बाहुली डोक्यापासून कमरेपर्यंत, टोपी धरून, आठ-नऊ सेंटीमीटर दिसायला हवी असेल तर भोक साडेचार सेंटीमीटरच उंच लागतं. पहिल्यांदा कापताना हे फार लहान वाटतं पण विश्वास ठेवा.

लेन्सचं पण बघून घ्या. रोलायफ्लेक्सची लेन्स पंच्याहत्तर किंवा ऐंशी मिलिमीटरची, चौकोनी फ्रेमवर तिला साधारण चाळीस अंशाचं दिसतं. फोनची मुख्य लेन्स ह्यापेक्षा थोडी रुंद बघते, चौकोनी कापली तरी पन्नास अंशाच्या आसपास. म्हणून सव्वापट झूम करा किंवा नंतर कडेनं कापून घ्या. अल्ट्रावाइड अजिबात नको, तिनं बाहुलीचे हात आणि कॅमेरा फुगतो. दुप्पट झूमची लेन्स लावली तर कोन फारच अरुंद होतो आणि भोवतालची भिंत फ्रेमबाहेर जाते, तिच्या फोटोत तर भोवतालच्या गोष्टी महत्त्वाच्या.

भिंत आणि मागचा रस्ता

पुठ्ठ्याच्या भिंतीवर जे आहे ते आरसा लावलेल्या दुकानाचं, आणि भोकात बाहुलीच्या मागं जे दिसतंय ते तिच्या पाठीमागचं, रस्त्यापलीकडचं. ही दोन वेगळी जगं आहेत हे डोक्यात ठेवून सेट लावा. मागं रस्त्याचा प्रिंट काढलेला फोटो चिकटवायचा मोह होतो, पण त्यावर उजेड सपाट पडतो आणि लगेच कळतं. कोल्हापुरात हे काय नवं सांगायला नको, बाबुराव पेंटरांनी इथंच रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरे घनाकृती सेट उभे करायला सुरुवात केली, कॅमेरासुद्धा इथंच हातानं बनवला आणि १९२० ला सैरंध्री हा सिनेमा आणला. त्याच धड्यानं चाला, पुठ्ठ्याच्या दोन-तीन इमारती कापा, एकामागं एक ठेवा, खिडक्या ब्लेडनं पाडा, राखाडी रंग द्या. मागं असल्यामुळं त्या धूसरच दिसणार, कोरीव काम लागत नाही, फक्त त्यांची सावली एकमेकांवर पडली पाहिजे.

शिकागोच हवं असंही नाही. माझं तर मत आहे की महाद्वार रोड करावा, साडीच्या दुकानाचा दर्शनी आरसा, मागं लाकडी गॅलरीचं जुनं घर, विजेच्या तारा म्हणून काळा दोरा. गुजरीतल्या चांदीच्या दुकानाचं शोकेस पण सुंदर होईल. फक्त मायरची नजर आणि उभं राहणं तसंच ठेवा. प्रतिबिंबात पाटी दिसणार असेल तर अक्षरं उलटी लिहायची, भिंतीवरच्या पाटीची मात्र सुलटी.

उजेड

एकच दिवा. दोन दिवे लावले की दोन सावल्या, आणि आकाशात सूर्य एकच असतो. एलईडीचा टेबल लॅम्प बाहुलीच्या पुढून, वरून, एका बाजूनं, म्हणजे टोपीच्या काठाची सावली डोळ्यांवर पडेल. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा करा, तेवढ्यानं काळोख उजळतो. भिंतीमुळं बाहुलीवर उजेड अडतोय असं दिसलं तर भिंत बाजूनं कमी रुंद करा, फ्रेममध्ये जेवढी दिसते तेवढीच लागते. पावसाळ्यात तर आपल्याकडं दिवसभर ढगाळ मऊ उजेड असतो, खिडकीशी टेबल ओढलं तरी आरशाचे फोटो छान येतात.

प्रत्यक्ष फोटो

फोन उलटा करा, म्हणजे कॅमेरा खालच्या बाजूला येतो. फोनच्या लेन्स वरच्या टोकाला असतात, सरळ धरला तर टेबलापासून खूप उंच जातात, उलटा केला की पंधरा सेंटीमीटरच्या बाहुलीची छाती, म्हणजे दहा-साडेदहा सेंटीमीटरची उंची, आरामात मिळते. पुस्तकांच्या चळतीवर टेकवा, रबर बँडनं बांधा. लेन्स बाहुलीच्या खालच्या टिकलीच्या बरोबर समोर, वर नाही, खाली नाही, बाजूला नाही. फोन मागंपुढं कलला नसला पाहिजे, आरशाच्या चौकटीच्या उभ्या कडा फोटोत उभ्याच दिसल्या पाहिजेत.

बाहुलीची मान दोन पद्धतीनं. एक, खाली, कॅमेऱ्याच्या झाकणात बघताना. दुसरी, वर, सरळ आरशात पण थोडं लेन्सच्या वरून, कारण तिचे डोळे लेन्सच्या बरेच वर आहेत. ही दुसरी मला जास्त आवडते, त्यात ती स्वतःला बघत असते.

फोकसची अडचण येणार. बाहुली पंचवीसवर आणि चौकट साडेबारावर, दोन्ही एकदम स्वच्छ येत नाहीत. उपाय असा की फोन न हलवता दोन फोटो काढा, एक बाहुलीवर बोट दाबून फोकस लॉक करून, दुसरा चौकटीवर, दोन्हीला उजेड सारखाच लॉक, दोन सेकंदाचा टायमर लावून. मग एडिटिंगच्या ॲपमध्ये एकावर एक ठेवून भोकाच्या आतला भाग पहिल्या फोटोतला आणि बाहेरचा दुसऱ्यातला घ्या, चौकटीची कड सरळ असल्यामुळं हे फार सोपं जातं. बाहुली मोठी असेल तर सगळी अंतरं मोठी होतात आणि चौकटीचा धूसरपणा कमी होतो, म्हणून वर म्हटलं की मोठ्या बाहुलीला त्रास कमी. पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा, तो चौकटीच्या कडा खाऊन टाकतो.

सावलीचा फोटो

तिचे सावलीचे फोटो म्हणजे टोपी, खांदे आणि जमीन, बस. हा प्रकार मुलांना घेऊन करायला उत्तम.

सूर्य पंचेचाळीस अंशावर असला की सावली उंचीएवढी, तीसला पावणेदोन पट, वीसला पावणेतीन पट. आपल्याला वीस-तीसच्या मधली हवी, म्हणजे सूर्यास्ताच्या साधारण दीड-दोन तास आधी. कोल्हापुरात मे च्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दुपारी सावली शोधत बसू नका. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतची संध्याकाळ सगळ्यात चांगली. रंकाळ्याच्या चौपाटीवर पाण्याकडं पाठ करून बसलात की सावली पुढं पडते.

अडचण एकच, आपली आणि फोनची सावली. फोन बाहुलीच्या मागं, तिच्याच उंचीवर धरला तर फोनची सावली तिच्या सावलीतच येऊन पडते. म्हणून फोन वर न्या, चाळीस-पन्नास सेंटीमीटर, आणि पुढं-खाली बघा. वीस अंशाच्या उन्हात त्या उंचीवरच्या फोनची सावली मीटरभराच्या पलीकडं पडते, बाहुलीची चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटरला संपते, फ्रेम मध्ये कापता येते. स्वतः बाजूला बसा, फक्त हात आत. बाहुली फ्रेमच्या खालच्या कडेच्या बाहेर, फक्त सावली आत.

खरं गवत बाहुलीच्या मानानं उसाएवढं दिसतं. ताटात माती पसरून हळीव पेरा, किल्ल्यावर पेरतात तसंच, चार-पाच दिवसात उगवतं, ते ह्या मापाला शोभतं.

ऊन नसेल तर रात्री अंधाऱ्या खोलीत टॉर्च चालतो, पण जवळ धरू नका. सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो, टॉर्चचं तोंड एक सेंटीमीटरचं असेल तर सव्वा मीटरवरनं तेवढंच दिसतं, तीनचं असेल तर साडेतीन मीटर लांब जावं लागतं. तेवढं अंतर ठेवलं तर सावलीची कड उन्हासारखीच येते.

गोल, फुगीर प्रतिबिंब

चाकाच्या झाकणाच्या जागी स्टीलच्या पळीची मागची बाजू, चकचकीत फुलपात्र, किंवा गाडीच्या आरशावर चिकटवतात तो छोटा गोल आरसा. इथं खरं प्रतिबिंबच घ्यायचं, भोकाची युक्ती चालत नाही, आणि फोन दिसणारच. काळ्या कार्डपेपरचा मोठा तुकडा घ्या, लेन्सएवढं भोक पाडा, फोन त्याच्या मागं लपवा, बाहुली कार्डच्या पुढं आणि लेन्सच्या जरा खाली. प्रतिबिंबात काळ्या कागदापुढं फक्त बाहुली दिसते, तो काळा भाग दुकानाच्या दारासारखा वाटतो. स्टील आधी मऊ कापडानं पुसा, बोटाचे ठसे ह्या मापात ढगाएवढे दिसतात.

नंतरचं काम

चौकोनी कापा. काळापांढरा करताना तयार फिल्टर लावू नका, त्यांचा काळा फार काळा असतो. कोटात आणि टोपीच्या सावलीत थोडा तपशील शिल्लक राहू द्या, पांढऱ्यात कागदाचा पोत दिसू द्या. ग्रेन, म्हणजे फिल्मवर दिसतात तसले बारीक दाणे, अगदी थोडा. टाचण्या, गोंदाचे थेंब, दोऱ्याची गाठ हे झूम करून शोधा आणि पुसा.

प्रिंट मॅट कागदावर, पाच बाय पाच इंच, भोवती पांढरी जागा सोडून. कुठंही टाकताना किंवा लावताना खाली व्हिव्हियन मायरचं नाव, मूळ फोटोचं साल माहीत असेल तर ते आणि हा बाहुली वापरून परत काढलेला फोटो आहे हे स्पष्ट लिहा. तिच्या मूळ फोटोंवर कॉपीराइट आहे, त्यामुळं मूळ फोटो शेजारी छापून विकायचा विचार असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते.

सेट मोडू नका. भिंत तीच ठेवून भोकाच्या चौकटी बदलत गेलात तर गोल आरसा, लांबट आरसा, सलूनचा आरसा असे वेगवेगळे फोटो त्याच बाहुलीचे निघतात, फक्त प्रत्येक वेळी बाहुली हलवली की मधलं अंतर परत पट्टीनं मोजून घ्या.